पूर्वेच्या भिंतीला दिलेले सिमेंट

मित्रांनो, मी एक जुनी हवेली आहे. माझे वय दीडशे वर्षांच्या आतबाहेर असेल. तुमच्याकडे एवढ्याशा वयाच्या इमारतीला कोणी फारसे जुने म्हणणार नाही. परंतु मी अमेरिकेच्या दक्षिण भागात, नॉर्थ कॅरोलायना राज्यात उभी आहे, आणि इकडे माझ्या वयाचे घर दिसले की लोक गाडी थांबवून छायाचित्र काढतात. मला थॉर्नली हाउस म्हणतात. मराठी भाषा मला उतारवयात आली. ती माझ्या स्वयंपाकघरात रोज सकाळी चहाबरोबर बोलली जाऊ लागली आणि ऐकता ऐकता मी ती शिकले. घराला ऐकण्यावाचून दुसरे काम तरी काय असते?

मला कोणी बांधले, या प्रश्नाची उत्तरे दोन आहेत. फाटकाजवळच्या पितळी पाटीवर लिहिले आहे की, ही वास्तू जोसाया थॉर्नली यांनी बांधली. थॉर्नलीसाहेब तंबाखूचे मोठे जमीनदार होते. त्यांनी जागा निवडली, नकाशा पसंत केला आणि संध्याकाळी घोड्यावर बसून काम कुठवर आले ते पाहिले. मला हात मात्र त्यांनी कधी लावला नाही. मला उभे केले ते त्यांच्या मालकीच्या माणसांनी. होय, मित्रांनो, मालकीच्या. त्या काळी या भागात काळ्या माणसांची गुरांसारखी खरेदी-विक्री होत असे, आणि माझी प्रत्येक वीट अशा विकत घेतलेल्या माणसांनी पाडली, भाजली आणि रचली. त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

ओढ्याकाठची तांबडी माती पायांनी तुडवून, लाकडी साच्यात भरून विटा पाडल्या जात. ओल्या विटा उन्हात मांडणे आणि त्या उलटसुलट करणे हे काम लहान मुलांकडे असे. ओली वीट उचलताना बोटे थोडी रुततात. ती रुतलेली बोटे विटेबरोबर भट्टीत भाजली गेली आणि तशीच राहिली. नितळ, एकसारख्या विटा माझ्या दर्शनी भिंतीला लागल्या. बोटे उमटलेल्या विटा पूर्वेकडच्या भिंतीत लावल्या गेल्या, कारण त्या बाजूला पाहुणे फिरकत नसत.

माझी रचना थोडक्यात सांगते. समोर चार उंच खांब आहेत. ते दुरून दगडी वाटतात. प्रत्यक्षात ते विटांचे असून त्यांवर चुन्याचा गिलावा आहे. आत शिरल्यावर एक रुंद दालन घराच्या आरपार जाते. पुढच्या दारातून आलेला वारा मागच्या दाराने निघून जावा, अशी ती योजना आहे. छत उंच ठेवले आहे, म्हणजे उन्हाळ्यातली गरम हवा माणसांच्या डोक्यावर चढून राहते. खिडक्या जमिनीपासून सुरू होतात. जमीन पाइन वृक्षाच्या गाभ्याच्या फळ्यांची आहे. स्वयंपाकघर पूर्वी वेगळे, मागच्या अंगणात होते. आगीची भीती आणि चुलीची धग दोन्ही मालकांपासून दूर राहत. धग कोणाच्या वाट्याला येत असे, हे तुम्ही ओळखले असेलच.

माझे सांधे चुन्याचे आहेत. समुद्रकाठच्या कालवांच्या शिंपा भाजून तो चुना केला होता. चुना विटेपेक्षा मऊ असतो. पावसात माझ्या विटा पाणी पितात आणि ऊन पडले की ते पाणी त्या मऊ सांध्यांतून हळूहळू बाहेर टाकतात. भिंत किंचित हलली तर सांधा थोडे सोसून घेतो, विटेला तडा जाऊ देत नाही. काही वर्षांनी सांधे झिजतात. मग पुन्हा चुना भरावा लागतो. एवढीच माझी मागणी होती.

माझी उमेदीची वर्षे थाटात गेली. दालनात नाच झाले, जिन्यावरून नववधू उतरल्या. मग उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटले, दक्षिण हरली आणि मालकीची माणसे मुक्त झाली. ती एका सकाळी मागच्या रस्त्याने निघून गेली. मला वाईट वाटले असे मी म्हणणार नाही. जाणे हेच योग्य होते. त्यानंतर थॉर्नलींची जमीन तुकड्या-तुकड्याने विकली गेली. काही वर्षे माझ्यात भाडोत्री राहिले, काही वर्षे खोल्यांत तंबाखूची पाने वाळली. शेवटच्या वारस मिस कॉर्डेलिया दोन खोल्यांत राहत आणि बाकीच्या बंद ठेवत. छप्पर गळू लागले, वेल खिडक्यांतून आत आले, वरच्या मजल्यावर कबुतरांनी बिऱ्हाड थाटले. मिस कॉर्डेलियांच्या मागे मला विकायला काढले, तेव्हा पाहायला येणारे लोक दारातूनच परत जात.

एक माणूस परत गेला नाही. त्यांचे नाव श्रीरंग मोघे. सांगलीला स्थापत्य अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेत आले होते आणि एका कंपनीत काँक्रीटच्या पुलांचे आराखडे करीत होते. त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई इस्पितळात डॉक्टर होत्या. मुलगी सुमेधा इथेच जन्मलेली. १९८२ साली हे तिघे प्रथम आले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे मित्र अनिल हेही होते. अनिल मॉरिसव्हिलला राहत आणि मत विचारण्याची वाट पाहत नसत.

“श्री, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?” अनिल माझ्या दालनात उभे राहून म्हणाले. “माझ्या शेजारी प्लॉट आहे. नवं घर, दोन गाड्यांचं गराज, सेंट्रल एअर. आणि तू हे भूत घेतोयस!”

“भूत नाही रे. बांधकाम आहे. छताची उंची बघ.”

“यार, भुताला निदान मेंटेनन्स नसतो.”

“असलं भूत, तरी या गळतीत भिजून पळालं असेल,” पद्मिनीबाई वर पाहत म्हणाल्या. “अहो, आधी छप्पर बघा.”

सुमेधाने खांबांना फेरी मारली होती. ती म्हणाली, “इट लुक्स लाइक अ बँक. आपण बँकेत राहणार?”

ते राहिले. श्रीरंगरावांचे काम पद्धतशीर असे. आधी छप्पर, मग पन्हळी, मग खिडक्या, मग जमीन, असा त्यांनी क्रम लावला आणि तो मोडला नाही. फळ्यांवरचा जुना रंग खरवडला तेव्हा खालून मधाच्या रंगाचे लाकूड निघाले, आणि पद्मिनीबाई चपला काढून त्यावरून चालल्या. त्या वर्षी मराठी मंडळाची दिवाळी माझ्या दालनात झाली. बायकांनी जिन्यावर बसून फोटो काढून घेतले. “श्रीरंग, घर काढलंस हो वर!” असे जो तो म्हणू लागला. इतक्या वर्षांनी कौतुक कानांवर पडले की घरालाही बरे वाटते. मी ते लपवणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात श्रीरंगराव पूर्वेच्या भिंतीकडे वळले. त्यांनी खिशातली किल्ली काढून एका सांध्यात फिरवली. पांढरी भुकटी खाली पडली.

“भुसभुशीत!” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती.

ती काळजी कुठून आली होती, हे मला त्या संध्याकाळी समजले. श्रीरंगरावांच्या तरुणपणी त्यांच्या गावी सिमेंट परमिटवर मिळत असे. अर्ज करावा लागे, साहेबांच्या खोलीबाहेर बसावे लागे, आणि महिन्यांनी मंजुरी आली तरी पोती अर्धीच मिळत. त्यांच्या वडिलांनी घर बांधायला काढले होते. दोन खोल्या झाल्या आणि तिसरीचे सिमेंट आलेच नाही. वडील वारले तेव्हाही ती भिंत तशीच, बिनगिलाव्याची होती. आता हेच श्रीरंगराव अमेरिकेतल्या हार्डवेअरच्या दुकानासमोर उभे राहिले होते आणि सिमेंटची पोती फुटपाथवर रचून ठेवलेली पाहत होते. त्यांनी आत जाऊन विचारले, किती मिळतील? दुकानदार म्हणाला, किती हवीत? गाडी मागे घ्या.

“पद्मिनी, बाहेर ठेवलंय गं,” ते जेवताना पुन्हा पुन्हा सांगत होते. “उघड्यावर. राखणीला माणूससुद्धा नाही.”

“हो, ऐकलं. भाजी घ्या.”

“आणि तारीख बघितली. ताजं आहे. गेल्या महिन्याचं.”

मित्रांनो, माझ्यावर प्रेम करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. पण त्या उन्हाळ्यात श्रीरंगरावांनी केले तसे कोणी केले नसेल. कामावरून आले की बूट बदलून ते भिंतीपाशी जात. प्रत्येक सांध्यातला चुना त्यांनी खोलवर कोरून काढला आणि त्या जागी सिमेंट दाबून भरले. कंजुषी कुठेच केली नाही. जे वडिलांच्या भिंतीला मिळाले नाही, ते मला भरभरून दिले. भिंत आखीवरेखीव, करड्या रेघांची, नव्यासारखी दिसू लागली. मला आतून कोंदटल्यासारखे वाटत होते, पण ते सांगण्याचा मार्ग माझ्याजवळ नव्हता.

ऑगस्टच्या एका शनिवारी पुढच्या दाराची घंटा वाजली. पद्मिनीबाईंनी दार उघडले. बाहेर एक उंच, काळ्या वर्णाच्या वृद्ध बाई उभ्या होत्या. डोक्यावर हॅट, हातांत पांढरे हातमोजे. त्यांचे नाव लोरेटा बास्कम. डरहॅम शहरातल्या एका शाळेच्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या इंग्रजीत बोलल्या; मी तुमच्यासाठी मराठीत सांगते.

“मी दर वर्षी या सुमारास येते. आमच्या कुटुंबाचा मेळावा असतो. मिस कॉर्डेलिया मला मागच्या बाजूने भिंतीपर्यंत जाऊ देत असत. तुम्ही नवीन आहात, म्हणून पुढून विचारायला आले.”

“पुढूनच या,” पद्मिनीबाई म्हणाल्या. “आणि चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.”

श्रीरंगराव आणि सुमेधाही त्यांच्याबरोबर पूर्वेच्या भिंतीशी गेले. मिसेस बास्कम खिडकीखालच्या एका विटेपाशी वाकल्या. त्या विटेवर तीन छोटे खळगे होते आणि कडेला अंगठ्याचा एक. त्यांनी हातमोजा काढून त्यावर बोटे टेकवली.

“हा माझा पणजोबा, आयझॅक. वाळणीच्या अंगणात विटा उलटायला होता. माझ्या आजीला त्याने स्वतः ही वीट दाखवली, आजीने आईला, आईने मला. आमच्याकडे त्याचं छायाचित्र नाही. त्याला कुठे पुरलं, ते माहीत नाही. आमच्याजवळ एवढं आहे.”

सुमेधाने विचारून आपली बोटे लावून पाहिली. “दे डोंट फिट,” ती हळूच म्हणाली. “बाबा, केवढासा होता तो!”

श्रीरंगरावांना काहीतरी द्यावेसे वाटले. त्यांच्याजवळ देण्यासारखा एकच शब्द होता. ते म्हणाले, “मिसेस बास्कम, आता काळजी सोडा. ही सगळी भिंत मी सिमेंटने पक्की केली आहे. शंभर वर्षं हिला काही होणार नाही.”

“थँक यू, मिस्टर मोघे,” त्या म्हणाल्या. “हा शब्द मी घरी सांगेन.”

तो शब्द त्या दिवसापासून माझ्या पूर्वेच्या भिंतीवर टांगलेला राहिला. मिसेस बास्कमना त्या विटेशिवाय दुसरे काही नव्हते, आणि श्रीरंगरावांनी तिची जबाबदारी घेतली होती.

पहिल्या हिवाळ्यात काही दिसले नाही. विटांनी पाणी प्यायले; ते सांध्यांकडे गेले तर तिथे वाट बंद. ते आतच राहिले. दुसऱ्या वर्षी भिंतीच्या पायथ्याशी तांबडी भुकटी पडू लागली. श्रीरंगरावांनी ती बोटांत चोळली आणि म्हणाले, “वीटच हलक्या प्रतीची.” त्यांनी पायथ्याला सिमेंटचा आणखी एक हात दिला. ऑगस्टमध्ये मिसेस बास्कम येऊन गेल्या. त्यांची वीट तोवर धड होती. मग १९८५ च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. विटांतले पाणी गोठले. गोठलेल्या पाण्याला जास्त जागा लागते, आणि ती त्याने विटांचे तोंड फोडून घेतली. सांधे एक केसभरही हलले नाहीत. विटांचे पापुद्रे मात्र सुटून पडले.

सुमेधा पाने झाडायला त्या बाजूला गेली होती. तिने झाडू टाकला.

“बाबा! कम हिअर. आत्ता.”

खिडकीखालची ती वीट आता ओबडधोबड, ओलसर आणि कोरी होती. तिचा चेहरा खाली मातीत तुकडे होऊन पडला होता. सुमेधाने तुकडे ओंजळीत घेतले; पण ते बिस्किटासारखे मऊ होते आणि ओंजळीतच त्यांची माती झाली.

श्रीरंगराव छिन्नी घेऊन आले आणि त्यांनी त्या विटेच्या वरचा सांधा फोडला. आठवडाभर पाऊस नव्हता, तरी सिमेंटच्या मागे हात घातला तेव्हा बोटे ओली झाली. त्यांनी दुसरीकडे फोडून पाहिले, तिसरीकडे पाहिले. सगळीकडे तेच. बोटे उमटलेल्या आणखी कितीतरी विटा त्या भिंतीत होत्या, आणि प्रत्येकीच्या पाठीशी पाणी कोंडलेले होते.

त्या रविवारी अनिल जेवायला आले होते. श्रीरंगरावांनी सगळे सांगितले आणि ताटाकडे पाहत म्हणाले, “चुन्याचा धडा होता रे आम्हाला. जुन्या भिंतींचा. मी तो ऑप्शनला टाकला होता.”

“अहो!” पद्मिनीबाई म्हणाल्या. “मी अ‍ॅनाटॉमीत पाय ऑप्शनला टाकला असता म्हणजे?”

“तरी डॉक्टर झालाच असता तुम्ही वहिनी,” अनिल म्हणाले. “पेशंट लंगडत घरी गेले असते.”

कोणी हसले नाही. तेव्हा अनिल खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “हे बघ श्री, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. त्या विटेवर सिमेंटचा पातळ थर दे, विटेचा रंग मिसळ आणि कोणाच्या तरी लहान पोराची बोटं दाब. ऑगस्टपर्यंत धूळ बसेल. बाईंना काय कळणार? त्यांनाही बरं वाटेल, तुलाही.”

“अनिल भावजी, काहीतरीच काय!” पद्मिनीबाई म्हणाल्या.

श्रीरंगराव ‘नाही’ म्हणाले नाहीत. ते मला ऐकू आले, म्हणजे ते न म्हणणे ऐकू आले.

दुसऱ्या शनिवारी सकाळी ते एका घमेल्यात सिमेंट आणि तांबडा रंग कालवून भिंतीपाशी आले. रंग उत्तम जमला होता. हाताशी थापी होती. ते त्या विटेसमोर उकिडवे बसले आणि तसेच बसून राहिले. सुमेधा बाहेर आली. तिने घमेल्यात पाहिले.

“अनिलकाकांचा प्लॅन?”

“त्यांना वाईट वाटू नये म्हणून,” श्रीरंगराव म्हणाले.

“हू इज ‘त्यांना’? मिसेस बास्कम, की तुम्ही?”

“सुमेधा, तोंड सांभाळून बोल. मी या भिंतीसाठी दोन उन्हाळे घातलेत. चांगल्यातलं चांगलं दिलं.”

“आय नो. मलापण देता. तुम्हाला लहानपणी पियानो शिकायचा होता, मला पियानो आणलात. आजोबांच्या घराला सिमेंट नव्हतं, या घराला दिलंत. डिड यू एव्हर आस्क?”

“भिंतीला काय विचारणार? भिंत बोलते का?”

“मी बोलते ना. मला तरी कुठे विचारलंत?”

सुमेधा आपण जास्त बोललो की काय, अशा चेहऱ्याने उभी राहिली. पण आत गेली नाही. थोड्या वेळाने ती त्यांच्याशेजारी खाली बसली. दोघे त्या कोऱ्या विटेकडे पाहत राहिले. घमेल्यातले सिमेंट तोवर आवळत आले होते. श्रीरंगरावांनी थापी टेकवून पाहिली. ती आत शिरेना. मग त्यांनी घमेले उचलून बाजूला ठेवले आणि ते घरात जाऊन टेलिफोनपाशी बसले.

“ऑगस्टपर्यंत थांबणार नाही मी,” ते पद्मिनीबाईंना म्हणाले.

मिसेस बास्कम त्याच आठवड्यात आल्या. श्रीरंगरावांनी त्यांना दारातच थांबवून आधी सगळे सांगितले: सिमेंट कोणी भरले, त्याने काय झाले, वीट कशी गेली. शेवटी म्हणाले, “चूक माझी आहे. थंडीची नाही, विटेचीही नाही.”

त्या भिंतीपर्यंत गेल्या. वाकल्या नाहीत. उभ्यानेच त्या विटेकडे पाहत राहिल्या. पद्मिनीबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला, तो त्यांनी राहू दिला.

“माझी आई म्हणायची, थॉर्नलींनी आपलं सगळं घेतलं, एवढं घ्यायला विसरले,” त्या म्हणाल्या.

“आय अ‍ॅम सॉरी, मिसेस बास्कम.”

“असाल तुम्ही. पण ठीक आहे, असं मी म्हणणार नाही, मिस्टर मोघे. ते म्हणायचा अधिकार माझा एकटीचा नाही. या भिंतीत फक्त आयझॅक नव्हता. बाकीच्यांचं काय?”

श्रीरंगरावांनी सरळ उत्तर दिले. “सिमेंट राहिलं तर बाकीच्या विटाही जातील. एकेका हिवाळ्यात थोडी थोडी. काढायचं तर हाताने काढावं लागेल. यंत्र लावलं तर विटांच्या कडा जातील. आणि हाताने काढतानाही काही फुटणार नाहीत, अशी खात्री मी देत नाही. आधी एकदा दिली होती.”

मिसेस बास्कम पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहत्या झाल्या. “हे उत्तर बरं आहे,” त्या म्हणाल्या. “केव्हा सुरू करता?”

सुरुवात मार्चमध्ये झाली. पहिल्या शनिवारी मिसेस बास्कम आपल्या दोन भाच्यांना घेऊन आल्या. त्यांनी भिंत इंचाइंचाने तपासली आणि ज्या विटेवर बोट, अंगठा किंवा तळव्याची कड दिसली, तिच्यावर खडूने खूण केली. श्रीरंगराव बारीक छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन बसले. ज्या सांध्यात त्यांनी सिमेंट इतके मन लावून दाबले होते, तो आता कणाकणाने फोडावा लागत होता. चांगले भरले होते, म्हणून निघतही नव्हते.

“कोणी एवढं ठासून भरलं रे हे?” अनिल विचारत. तेही येऊ लागले होते. कुरकुरत, पण न चुकता. “काय मेहनती माणूस असेल!”

“तू छिन्नी तिरपी धर आधी.”

“यार, माझं नवं घर आहे मॉरिसव्हिलला. तिथे शनिवारी मी झोपतो.”

काही विटा फुटल्या. खडूची खूण असलेली एक खुद्द श्रीरंगरावांच्या हातून गेली. त्यांनी काम थांबवले, मिसेस बास्कमना बोलावून ती दाखवली आणि मगच पुढची हातात घेतली.

त्यानंतर चुन्याची पाळी आली. श्रीरंगरावांनी सांगलीहून ते जुने पुस्तक मागवले आणि ऑप्शनला टाकलेला धडा पन्नाशीजवळ आल्यावर वाचला. चुना पाण्यात भिजवून पिंपात मुरत ठेवला. पण सिमेंटची सवय असलेल्या माणसाला चुन्याचा वेग सोसत नाही. सिमेंट रात्रीत आवळते. चुना आठवडे घेतो, आणि तेवढे दिवस त्याला ओले गोणपाट पांघरून जपावे लागते. श्रीरंगराव सकाळ-संध्याकाळ गोणपाट उचलून नखाने दाबून पाहत.

“अहो, ते काय दूध आहे का, सारखी साय बघायला?” पद्मिनीबाई खिडकीतून ओरडत. “झाका ते!”

त्या पावसाळी दिवसांत मी पुष्कळ पाणी प्याले. ऊन पडले आणि माझ्या पूर्वेच्या भिंतीने ते हळूहळू बाहेर टाकले. त्या सुटकेचे वर्णन मला करता येत नाही. मी घर आहे, कवी नाही. एवढेच सांगते, की पुढच्या हिवाळ्यात पायथ्याशी भुकटी पडली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आज १९८९ साल आहे. सुमेधा कॉलेजात गेली. तिने निवडलेला विषय श्रीरंगरावांना अजून नीट समजलेला नाही. पण निवडण्याआधी त्यांनी तिला काय हवे ते विचारले होते, हे मी दालनात ऐकले आहे. मिसेस बास्कम दर ऑगस्टला पुढच्या दाराने येतात आणि आपल्या माणसांना तेव्हा खूण केलेल्या विटा दाखवतात. खिडकीखालची वीट कोरीच आहे. ती बदलायची नाही, असे त्यांनी आणि श्रीरंगरावांनी मिळून ठरवले. कोणी विचारले की ही अशी का, तर श्रीरंगराव स्वतः पुढे होऊन सांगतात, “ही मी घालवली.” आणि कशाने घालवली तेही सांगतात, म्हणजे ऐकणाऱ्याच्या हातून दुसरी जाणार नाही.

मित्रांनो, जुन्या वास्तूंची हेळसांड करू नका, असे तुम्हाला पुष्कळांनी सांगितले असेल. तेही खरे आहे. गळके छप्पर आणि कबुतरे मी सोसली आहेत. पण मला सर्वांत मोठी इजा झाली ती माझी सर्वाधिक काळजी घेणाऱ्या माणसाच्या हातून झाली. म्हणून माझी विनंती थोडी निराळी आहे. जुने घर असो, जुने झाड असो किंवा तुमच्याच घरातले एखादे म्हातारे माणूस असो, त्याच्यासाठी काही करायला याल तेव्हा आपल्याजवळ काय आहे, हे आधी पाहू नका. ते कशाचे घडले आहे, आजवर कशावर तगले आहे, हे पाहा. हात लावून बघा. विचारा. आमचे उत्तर सावकाश येते. कधी कधी त्याला एक पावसाळा आणि एक हिवाळा लागतो.

तेवढे थांबा.